लगी नाही, लागली

शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "म्हणजे नेमकं काम काय करता?" आणि त्याचं उत्तर ऐकून झाल्यावर दुसरा, "ते झालं, पण विषय कोणता शिकवता?" वीस-बावीस वर्षं मी तोंडी उत्तरं दिली. आता एकदा लेखी देते, म्हणजे पुढच्या वेळी हा छापील अंकच हातात ठेवता येईल.

काम असं, की सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचं. खडे वेचायचे. दोरी ताणून फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं रेषा आखायच्या. ती साडीवर सांडली की धुण्यानं जात नाही, झटकण्यानं जाते. खरचटलेल्या गुडघ्यांना औषध लावायचं, रडणाऱ्यांना गप्प करायचं आणि गप्प बसणाऱ्यांना बोलतं करायचं. उरलेल्या वेळात मुख्याध्यापकांना पटवायचं की मैदान ही इमारत बांधायला राखून ठेवलेली जागा नसते. यातलं शेवटचं काम सर्वांत दमवणारं. बाकी सगळं मजेचं.

मी हैदराबादची, नारायणगुड्याची. आमची मराठी शाळा तिथलीच आणि तिच्या मागचं मैदानही तिथलंच. दर रविवारी सकाळी त्या मैदानावर आट्यापाट्या व्हायच्या. हा खेळ आता पुण्या-मुंबईच्या लोकांनाही समजावून सांगावा लागतो, तेव्हा सांगते. मैदानावर आडव्या पाट्या आखायच्या, एकापुढे एक. त्यांना मधोमध छेदणारी एक लांबलचक उभी पाटी, तिचं नाव सूर. एक संघ पाट्या धरतो, दुसरा उतरतो. धरणाऱ्याचे पाय आपल्या पाटीतून बाहेर जाता कामा नयेत. हात मात्र जातील तिथं जाऊ देत. उतरणाऱ्यानं त्याला हूल द्यायची, डावीकडे झुकून उजवीकडून निसटायचं आणि पाटी ओलांडायची. पाटी ओलांडली की गुण. हात लागला की बाद. सूरवरचा खेळाडू मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा पळू शकतो, त्यामुळे तो मागून येतो आणि पुढची पाटीवाली समोरून. दोघांच्या मध्ये सापडलं की कोंडी. चेंडू नको, जाळी नको, बूट नकोत. छातीत दम आणि कंबरेत लवचिकपणा एवढंच भांडवल.

आमच्या मैदानाची आणखी एक रीत होती. आमच्याकडे पंच नव्हता.

हात लागला त्याला आम्ही 'थाप' म्हणायचो. ज्याला थाप लागली त्यानंच हात वर करायचा, "लागली!" असं मोठ्यानं म्हणायचं आणि हात तसाच वर ठेवून कडेच्या गुलमोहराखाली जाऊन बसायचं. धरणाऱ्यानं ओरडायचं नाही, मागायचं नाही. हे मैदान सुरू करणारे नाना, आमच्याच शाळेचे निवृत्त मास्तर, नव्या मुलांना एवढंच सांगायचे, "थाप लागली तर सांगायची. थाप मारायची नाही."

आणि कुणी नाहीच सांगितलं तर? त्याचीही रीत होती. वाद घालायचा नाही. खेळणारे सगळे आहेत तिथं, आपापल्या पाटीत, खाली बसायचे. एकदा पुण्याहून नव्यानंच आलेला एक सॉफ्टवेअरवाला खेळायला उतरला. त्याच्या खांद्यावर थाप पडलेली मी कडेवरून ऐकली. तो म्हणाला, "मला नाही वाटत लागली. प्रूफ काय?" सगळे बसले. हा एकटा उभा. थोडा वेळ हसला, मग घड्याळ बघितलं, मग बुटाची नाडी सोडून परत बांधली. शेवटी पुटपुटला, "बरं, लागली." नाना म्हणाले, "ऐकू नाही आलं." त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं. पुढं तो दर रविवारी यायला लागला आणि सर्वांत मोठ्यानं तोच ओरडायचा.

आता मुद्द्याचं. नव्वदीनंतरचे दिवस. शहरात घराघरांवर छत्र्या आणि तारा येत होत्या, रोज एक नवं चॅनल. त्या चॅनलना दाखवायला काहीतरी हवं होतं. एका रविवारी कमरेला पेजर लावलेला एक तरुण गुलमोहराखाली येऊन उभा राहिला. विक्रम त्याचं नाव. तो आमच्याच गल्लीतल्या इराण्याकडे चहा प्यायला आला होता आणि आरडाओरडा ऐकून आत शिरला होता. खेळ संपेपर्यंत जागचा हलला नाही. मग माझ्याकडे आला.

"मॅडम, क्या गेम है ये! मैं तो परेशान हो गया देख के. मगर अंपायर किधर है?"

"नहीं है."

"आज नहीं आया?"

"कभी नहीं आया."

त्याला वाटलं, आम्ही पंचाचे पैसे वाचवतोय. म्हणाला, अंपायर हम देंगे, कपडे हम देंगे, एक शीतपेयाची कंपनी तयार आहे, मलकपेठला मैदान घेऊ, शहरभरच्या मुलींचे संघ करू, टीव्हीवर दाखवू. फक्त नाव बदलावं लागेल. 'आट्यापाट्या' म्हणजे पिठाच्या गिरणीची जाहिरात वाटते.

मी नाव सोडून सगळ्याला होकार दिला. तिथल्या तिथं.

नाना भडकले. आमच्या दोघांत त्या महिन्यात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या संसारात झाली नाहीत.

"खेळ वाढवायचा म्हणजे काय गं? ज्वारी आहे का ती?"

"नाना, रविवारी येणारी टाळकी बघा. निम्म्यांच्या गुडघ्यांत वंगण उरलेलं नाही. दहा वर्षांनी इथं कोण खेळेल?"

"कमी खेळतील. पण आट्यापाट्या खेळतील."

"आणि मुलींचं काय? कबड्डीवाल्यांना नोकऱ्या लागतात, खो-खोवाल्यांना लागतात. आपल्या मुलींना काय मिळतं? गुलमोहराची सावली."

"पंच आणलास की संपलं," नाना म्हणाले. "एकदा दुसरा बघणारा आला, की आपण बघायचं सोडतो."

मी म्हटलं, बघू.

मला घाई होती आणि त्या घाईचं नाव प्रमिला होतं. प्रमिला आमच्या शाळेतून बाहेर पडलेली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिचे आई-वडील परभणीकडचे, बौद्ध. वडील वारले होते आणि आई, गयाबाई, सिकंदराबादला एका दवाखान्यात आया होती. एवढी वर्षं मुली बघितल्या, पण सूर धरावा तर प्रमिलानं. ती पळायची नाही, सरकायची. आणि उतरायला लागली की पाटी धरणारीला वाटायचं हिला मी पकडलीच, आणि तोपर्यंत प्रमिला पुढच्या पाटीवर दुसऱ्या कुणाला तेच वाटायला लावत असायची.

गयाबाईंनी तिला एका वर्षाची मुदत दिली होती. रेल्वेत खेळाडूंसाठी काही जागा असतात. राज्याच्या संघातून खेळलीस आणि तिथं लागलीस तर ठीक. नाहीतर परभणीला मामानं स्थळ बघून ठेवलं आहे, मुकाट्यानं जायचं. आणि राज्याचा संघ निवडायचा तर आधी राज्यात रीतसर स्पर्धा व्हायला हवी. नियमांची, पंचांची. आमच्या रविवारच्या खेळाला कुठलं सरकार विचारणार? म्हणून मलकपेठ. विक्रमच्या कॅमेऱ्यांच्या बरोबरीनं मी स्पर्धेची रीतसर मान्यताही मिळवली. त्यासाठी कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत किती वेळा चपला झिजवल्या ते सांगत बसत नाही, पी.टी.च्या बाईच्या चपला तशाही झिजतातच. ठरलं ते असं, की अंतिम सामना जिंकणाऱ्या संघातल्या मुली राज्याच्या संघात सरळ जातील आणि उरलेल्या दोन जागा निवड समिती भरेल.

पंच म्हणून यादगिरी सर आले. कबड्डीतलं मोठं नाव. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. आट्यापाट्यांचं नियमांचं पुस्तक त्यांनी पाठ करून टाकलं होतं. आमच्या रिवाजाचं मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "अम्मा, प्लेयर खुद बोलेगा तो मैं कायकू आया?" प्रश्न बिनतोड होता. मीही सोडून दिलं.

अंतिम सामन्याच्या दिवशी मलकपेठेत जत्रा होती. रेसकोर्स जवळच, त्यामुळे रेसला आलेले चारदोन म्हातारेही इकडे वळले. त्यातल्या एकानं मला गंभीरपणे विचारलं, "बीबी, कौनसे नंबर पे लगाना?" मुलींच्या अंगात रंगीत टी-शर्ट, पाठीवर शीतपेयाचं चित्र. फक्की मी स्वतः मारली होती, पहाटे येऊन. ते काम मी कुणावर सोडत नाही. प्रथमोपचाराची पेटीही माझ्याकडेच, आणि तिच्यात एक नवलाईची वस्तू होती, दुखऱ्या जागेवर मारायचा थंड फवारा. कंपनीनं फुकट दिलेला. आम्ही आयोडीन आणि फुंकर यांवर वाढलेली माणसं. तो डबा मी सकाळपासून चारदा हलवून बघितला होता.

नाना "मी येणार नाही" म्हणाले होते. पहिल्या रांगेत बसले होते, डोक्याला उपरणं गुंडाळून. त्यांच्या शेजारी गयाबाई, दवाखान्याच्या गणवेशातच. ड्यूटी बदलून आल्या होत्या.

सामना काय सांगू! मी आयुष्यात पुष्कळ सामने पाहिले, पण तसा परत नाही. समोरचा संघ सिकंदराबादचा, कर्णधार स्वरूपा. उंच, लांब हाताची तेलुगू मुलगी, सूर धरणारी. ती आमच्याच मैदानावर तीन वर्षं रविवारी येऊन खेळ शिकली होती. तिच्या संघातल्या बहुतेक मुली तशाच. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकींच्या हुलकावण्या पाठ. गुण चढत गेले तसे लोक उभे राहिले. रेसवाले म्हातारे तर खुर्च्यांवर उभे. शेवटच्या डावात बरोबरी झाली. प्रमिलाच्या संघाच्या उतरणाऱ्या बाकी सगळ्या बाद होऊन कडेला बसलेल्या, एकटी प्रमिला मैदानात. तिच्यापुढे एकच पाटी. ओलांडली तर जिंकलं.

स्वरूपा मागून सूरवरून येत होती. समोर पाटीवर एक बुटकी, चपळ मुलगी. कोंडी बसणारच. प्रमिलानं डावा खांदा टाकला. बुटकी डावीकडे गेली. प्रमिला गेली नाही. परत डावा टाकला. बुटकी हलली नाही, शहाणी झाली होती. आणि त्या क्षणी प्रमिला खरंच डावीकडून गेली. स्वरूपानं मागून सगळं अंग झोकून हात फेकला. हात रिकामा गेला असं मला दिसलं, पंचांना दिसलं, मलकपेठेला दिसलं. पाटी पार! शिट्टी! विक्रमनं पाठवलेले कागदी तुकड्यांचे फटाके फुटले, चमचमणारे तुकडे माझ्या फक्कीवर पडले. गयाबाईंनी नानांचा दंड पकडून हलवला.

आणि प्रमिला पाटीपलीकडे हात वर करून उभी.

लोकांना वाटलं, जिंकल्याचा हात. कॅमेरावाला धावत पुढे गेला. ती काहीतरी ओरडत होती. गोंगाट जरा ओसरला तेव्हा ऐकू आलं.

"लागली! लागली!"

यादगिरी सर पळत गेले. "लगी? किधर लगी, अम्मा? पाँव में?" आणि माझ्याकडे वळून दोन्ही हात हलवले, "फर्स्ट एड! जल्दी!" कर्ण्यावरून निवेदक गरजला की बघा, बघा, जखमी होऊनही या मुलीनं पाटी पार केली! टाळ्यांचा कडकडाट. रेसवाला म्हातारा ओरडला, "लगी रे लगी!" त्याच्या भाषेत ते घोडा लागल्याचं होतं.

मी पेटी घेऊन धावले. तो फवारा हातात.

"कुठं दुखतंय?" हे मी विचारायचं म्हणून विचारलं. मला कळलं होतं.

"दुखत नाही, बाई. थाप लागली."

"कुठं?"

"वेणीला. टोकाला."

आमच्यात वेणी अंगातच धरतात. मी म्हटलं, "कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. ओढ बसली ना मला."

स्वरूपा तोवर आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू ती सांगतील. "नाके तेलीदु, टीचर," म्हणाली. मलाच माहीत नाही. म्हणजे सगळ्या जगात ही गोष्ट ठाऊक असलेलं एकच माणूस होतं आणि ते हात खाली घ्यायला तयार नव्हतं.

"प्रमिला, नीट विचार केलास?"

"त्यात विचार काय करायचा बाई? लागली तर लागली."

मी फवारा पेटीत टाकला आणि यादगिरी सरांना म्हटलं, "सर, लगी नाही. लागली."

"वही तो बोल रहा मैं!"

"चोट नहीं लगी. हाथ लगा. ती बाद आहे म्हणते."

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यभर त्यांच्याशी खेळाडू भांडले होते ते 'मी बाद नाही' म्हणून. 'मी बाद आहे' म्हणून भांडणारी त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. ते म्हणाले, "मैं देखा नहीं. स्वरूपा बोली नहीं. आउट नहीं है. पॉइंट दे दिया. चलो, जगह पे जाओ, टाइम बाकी है."

प्रमिला जागेवर गेली नाही. हात वर ठेवून चालत निघाली. तिथं गुलमोहर नव्हता, म्हणून ती थोडी गोंधळली, इकडेतिकडे पाहिलं, आणि शीतपेयाच्या फुगवलेल्या मोठ्या बाटलीच्या सावलीत जाऊन बसली.

सरांनी शिट्टी वाजवली. खेळ सुरू करा. कुणी हललं नाही. परत शिट्टी. तेव्हा स्वरूपा सूरवर, आपल्या पाटीत, खाली बसली. मग ती बुटकी बसली. मग एकेक करून सगळ्या. प्रमिलाच्या संघातल्या बाद होऊन कडेला असलेल्या आधीच बसलेल्या होत्या. सगळं मैदान बसलं आणि मधे एकटे यादगिरी सर उभे, इस्त्रीच्या शर्टात. मला तो पुण्याचा सॉफ्टवेअरवाला आठवला आणि अशा प्रसंगी येऊ नये ते हसू आलं.

सरांना ते बंड वाटलं. वाटणारच. त्यांनी पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि अखेर निर्णय दिला. खेळाडू विनापरवानगी मैदान सोडून गेली, सबब बाद आणि तो गुण रद्द. म्हणजे प्रमिला बाद झाली, पण थाप लागली म्हणून नाही. बाद व्हायला गेली म्हणून! पाठोपाठ वेळ संपली. बरोबरी सोडवायला एक जादा डाव झाला, त्यात विनापरवानगी मैदान सोडलेलीला उतरता येत नव्हतं. प्रमिलाविना तिचा संघ हरला. अहवालात सरांनी तिच्या नावापुढे 'बेशिस्त' असा शेरा मारला. असा शेरा असलेल्या मुलीला समितीच्या दोन जागांतलीही जागा मिळत नाही.

नाना जाताना माझ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता ऐकवणार. म्हणाले, "फक्की चांगली मारली होतीस," आणि गेले.

ऐकवलं ते गयाबाईंनी. "बाई, गावाकडं आमच्यासंगं झालेलं शंभर जणांनी डोळ्यानं पाहिलं तरी कोर्टात खोटं ठरलं. आन् माझ्या पोरीनं कुणीच न पाहिलेलं खरं करून ठेवलं. हे तुम्ही शिकवलं. आता नोकरी पण तुम्हीच द्या."

"देते," म्हटलं. माझं तोंड माझ्या आधी धावतं.

आठवडाभर विचार करून मी यादगिरी सरांच्या घरी गेले. शेऱ्याबद्दल बोलले असते तर त्यांनी पुस्तक काढलं असतं. मी एवढंच म्हटलं, "सर, तुम्ही खेळाचे जाणकार. रविवारी आमच्याकडे खेळायला या."

"मैं? इस उमर में?"

"उमरवालेच आहेत सगळे."

आले. पांढऱ्या शर्टातच, शिट्टी मात्र घरी ठेवून. मी मुद्दाम त्यांना उतरणाऱ्यांत घातलं. प्रमिला सूरवर. कबड्डी खेळलेला माणूस, पन्नाशीतही काय पाय! पहिली पाटी पार, दुसरी पार, लोक "शाबास सर!" ओरडायला लागले, सर हसायला लागले. तिसऱ्या पाटीशी प्रमिला सरकत आली आणि त्यांच्या पाठीला दोन बोटं लागली. नुसती दोन बोटं. सर पुढे पळाले, पाटी ओलांडली, वळले आणि सवयीनं पंचांना शोधायला लागले.

पंच नव्हता.

सगळे बसले. प्रमिला पण बसली, मान खाली घालून. सर उभे. कबुतरं शाळेच्या कौलांवरून उडाली, परत बसली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुलमोहराकडे पाहिलं. त्यांनी पाठीवर हात फिरवला, जिथं ती बोटं लागली होती तिथं. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला, जणू कुणी दुसराच तो उचलतोय.

"लगी," ते म्हणाले.

"लगी नाही सर, लागली!" सगळं मैदान एकदम ओरडलं. तो सॉफ्टवेअरवाला सर्वांत मोठ्यानं.

"हौ बाबा, लागली! लागली!" सरांनी आरोळी ठोकली आणि हात वर करून गुलमोहराखाली जाऊन बसले. शेजारी नाना होते. नानांनी चिवड्याचा डबा त्यांच्यापुढे केला. मग सर म्हणाले, "मास्टरसाब, ये तो बहुत मुश्किल है." नाना म्हणाले, "सवय होते."

दुसऱ्या दिवशी सरांनी शेरा मागे घेतला. समितीत स्वरूपाला विचारलं गेलं, विजेत्या संघाची कर्णधार म्हणून. ती म्हणाली, सूरवर प्रमिलाच हवी, मी पाटी धरीन. दोन जागांतली एक भरली. पुढं संघ खेळला, प्रमिला खेळली, अर्ज गेला, चाचण्या झाल्या. तोवर मी जामीन राहिल्यासारखी गयाबाईंना तोंड चुकवत होते. मग एके सकाळी त्या स्वतःच शाळेत आल्या, पेढे घेऊन. "जय भीम बाई. तुम्ही दिली म्हणायची का तिनं घेतली, ते तुम्हीच ठरवा."

विक्रमचं काय झालं? टीव्हीवर तो प्रसंग दाखवला. वर केलेला हात, वर निवेदन, 'ही पाहा विजेती!' मी फोन करून विचारलं तर म्हणाला, मी त्या दिवशी दुसऱ्या चित्रीकरणावर होतो, नुसती फीत पाहिली, आणि हरणारा माणूस कुणी हात वर करतो का, मॅडम. पण खरी हकिकत ऐकून तो खुळाच झाला. धावत शाळेत आला. "मॅडम, ये तो कमाल आयटम है! हर मॅच में एक बार मंगता. वो लागली-लागली, फिर सब बैठ जाते."

"दर मॅचला एक प्रामाणिकपणा?"

"हौ मॅडम. ब्रेक के पहले."

मी नक्को म्हटलं. काही महिन्यांनी त्या वेळेला क्रिकेट आलं आणि आमचं चॅनल आम्हाला विसरलं. विक्रमबद्दल मला राग नाही. तो आला नसता तर मलकपेठ झालं नसतं.

मग खेळ वाढवावा की झाकून ठेवावा? लोक मला अजून विचारतात, विशेषतः ज्यांनी कधी पाटी ओलांडलेली नाही ते. मी वाढवला आणि परत संधी मिळाली तर परत वाढवीन. त्यानंतर आमच्या आणखी काही मुलींना नोकऱ्या लागल्या. गुलमोहराच्या सावलीनं त्या लावल्या नसत्या. पण नानांचंही लिहून ठेवते, ते आता नाहीत म्हणून नव्हे, ते बरोबर होते म्हणून. आता स्पर्धांना मी जाते तेव्हा हात लागलेली मुलगी आधी पंचाकडे बघते. पंचानं पाहिलं नसेल तर पळत राहते. वाईट नाहीत त्या मुली. बघायला माणूस ठेवला आहे, मग त्यालाच बघू दे, एवढंच. मला ते दिसतं आणि दर वेळी कुठंतरी टोचतं. म्हणून रविवारचा खेळ मी बंद पडू दिलेला नाही. येणारे कमी आहेत. यादगिरी सर न चुकता येतात, आणि शिट्टी घरी ठेवून येतात.

मागच्या महिन्यात माझी बहीण सोलापूरहून यायची होती. सिकंदराबाद स्टेशनवर गाडी लागल्याची घोषणा ऐकली आणि मी तशीच आत धावले. बहीण, तिची बोचकी, गप्पा. बाहेर पडताना फाटकाशी काळ्या कोटातली तिकीट तपासनीस उभी. गर्दी डावीकडून निसटायला बघत होती, ती डावीकडे सरकली. उजवीकडून बघत होती, ती उजवीकडे. पाय फाटकाच्या रेषेतून बाहेर जात नव्हते. असं फाटक धरणारी बाई भारतीय रेल्वेत एकच असेल.

तिनं मला पाहिलं. चेहरा फुलला. वाकून नमस्कार करायला लागली, म्हणाली, "बाई, या, या, तुम्ही जा पुढं." आणि त्या क्षणी मला आठवलं की मी प्लॅटफॉर्म तिकीट काढलेलंच नाही. कुणी विचारलं नव्हतं. कुणी विचारणारही नव्हतं.

मी बोचकं खाली ठेवलं आणि हात वर केला.

"लागली," म्हटलं.

प्रमिला हसली नाही. नमस्कारासाठी वाकली होती ती सरळ झाली, कोट नीट केला आणि खिशातून पावतीपुस्तक काढलं.

"दंड भरावा लागेल, बाई."

माझी बहीण अजून म्हणते, तुझ्या विद्यार्थिनीला काडीची लाज नाही. मी ती पावती जपून ठेवली आहे.